सव्वा तासाचा जलप्रवास

हिमालयांतील यात्रा करून आलेल्यांनीं, विलायत-अमेरिका पाहून आलेल्यांनीं प्रवासवर्णनें लिहावींत व आपण घरीं बसून तीं आवडीनें वाचावींत, असा आजवर माझा क्रम होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँचनें जाण्यास सव्वा तासाच्या आसपास लागतो. एवढ्याशा प्रवासाची हकीकत लिहावयास मी बसलें आहें हें पाहून घरांतलीं मुलें तोंड फिरवून हंसत आहेत. परंतु हा सव्वा तास गांठावयास आमच्या घराला सत्त्याहत्तर वर्षें लागलीं, हें कळल्यावर वाचक तरी मला हंसणार नाहींत असें वाटतें.

आमचें मूळ घर अष्टागरांतलें. माझे आजेसासरे—घरांत त्यांचा उल्लेख सर्व जण ‘तात्या’ असाच करतात—मुंबईस एका पेढीवर नोकरीला होते व सणावाराला बोटीनें घरीं येत. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्याला महिना उरला असतां, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, ते सकाळच्या ‘रामदास’ बोटींत बसले. बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. वाटेंत काशाच्या खडकाजवळ वादळी वारा व पाऊस यांनीं तिला गांठलें. भ्यालेले उतारू एका कुशीला धांवले आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें त्या दिवशीं बुडालीं. मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या तिकडे वळवून कित्येकांना पाण्यांतून ओढून काढलें. त्यांत तात्या नव्हते. त्यांचा देहहि मिळाला नाहीं. पुढें पालाशविधि करून दिवस घातले. इकडे घरीं आजेसासूबाईंनीं दिव्यांच्या अंवसेसाठीं समया-निरांजनें घांसूनपुसून पाटावर मांडून ठेविलीं होतीं.

तेव्हां आमच्या आत्याबाई सात वर्षांच्या होत्या आणि मामंजी तीन वर्षांचे. आजेसासूबाई दोन्ही मुलांना घेऊन पुण्यास भावाच्या आश्रयाला आल्या, आणि त्यांनीं एकच नियम घालून दिला : या घरांतल्या माणसानें पुन्हां बोटींत पाऊल ठेवावयाचें नाहीं. शपथ नाहीं, नवस नाहीं, नुसतें सांगणें. पण तें वेदवाक्यासारखें पाळलें गेलें. अलिबागकडे लग्नमुंजीला जाणें झालें तरी खोपोली-पेणवरून मोटारीनें जावयाचें. शाळेची सहल घारापुरीस निघाली तेव्हां ह्यांचें नांव मामंजींनीं स्वतः जाऊन यादींतून काढविलें. आजेसासूबाई गेल्या, वाडा पडला, त्या जागीं इमारत झाली, आम्ही एकाच मजल्यावरचीं तीन घरें घेऊन मधल्या भिंतींना दारें पाडलीं व चूल एक ठेवली. इतकें सगळें बदललें तरी तो नियम तेवढा राहिला. गंमत ही कीं, आत्याबाईंनीं आपली सारी हयात मुलींच्या शाळेंत भूगोल शिकविण्यांत घालविली. भरती-ओहोटी, सागरप्रवाह, खारे वारे व मतलई वारे हें सर्व त्यांनीं हजारों मुलींना फळ्यावर काढून दाखविलें, पण स्वतः कधीं होडींत पाय ठेविला नव्हता.

त्याच आत्याबाई २०२४ सालच्या मार्गशीर्षांत एके रात्रीं, पानें वाढलेलीं असतां, म्हणाल्या, “मला रेवसला जायचं आहे. बोटीनं.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. मामंजी चित्राहुती घालीत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला, एवढेंच.

दुसऱ्या दिवसापासून सूचना सुरू झाल्या. आमचे चिरंजीव म्हणाले, “आजी, शिवडीहून थेट समुद्रावरून पूल झालाय. अटल सेतूवरून तुला मोटारीनं नेतों, दोन्ही बाजूंना पाणीच पाणी दिसेल.” जाऊबाईंनीं मांडव्याच्या मोठ्या बोटीचा विषय काढला. ही बोट २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाऊं लागली. तींत मोटारीसुद्धां चढवितां येतात, आंत थंडगार खोली आहे, गाद्यांच्या खुर्च्या आहेत. आत्याबाईंनीं सगळें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “तात्यांचं तिकीट रेवसचं होतं.” यावर बोलण्यासारखें कोणापाशीं कांहीं नव्हतें. पुलावरून जाणारास पाणी दिसतें, पण त्याला कांहीं बोटीचा प्रवास म्हणतां येत नाहीं, हेंहि खरेंच.

मग दिवस ठरविण्याचा प्रश्न आला. किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना हिशेब आहे, तो मी येथें देऊन ठेवतें. घाटावर राहणाऱ्या पुष्कळांना तो ठाऊक नसतो, निदान मला नव्हता. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे जो आंकडा येईल त्या सुमारास मुंबईकडच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होते. पूर्वीच्या मुलांना पाउणकी पाठ असे, त्यामुळें त्यांना कागदपेन्सिल लागत नसे : चार पाउणे तीन, म्हणजे चतुर्थीस तीन वाजतां भरती, आठ पाउणे सहा, म्हणजे अष्टमीस सहा वाजतां. एकदां सकाळीं, एकदां सायंकाळीं. मध्यें सहा-सव्वासहा तासांनीं ओहोटी. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीहि रोज तितकी मागें सरते, आणि पाऊण तासाचा हिशेब त्याच्याशीं बराच जुळतो. पंचांग आणि समुद्र यांचें इतकें जवळचें नातें असेल असें मला कधीं वाटलें नव्हतें. आत्याबाईंनीं तें मला स्वयंपाकघरांत, डाळीच्या डब्यावर बोट टेकवून, मी जणूं काय त्यांच्या सातव्या इयत्तेंतली मुलगी आहें अशा रीतीनें समजावून दिलें.

भरती केव्हां आहे एवढें कळून भागत नाहीं. ती केवढी आहे हेंहि पाहावें लागतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेंत येतात, दोघांची ओढ एकवटते, आणि पाणी फार चढतें व फार उतरतें. हें उधाण. मुंबईस उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटरसुद्धां वरखालीं होतें, म्हणजे साध्या घराच्या एका मजल्याहून अधिक. उलट अष्टमीला दोघांची ओढ काटकोनांत पडते, पाणी बेतानें चढतें व बेतानेंच उतरतें. ही भांगाची भरती. रेवसचा धक्का धरमतर खाडीच्या मुखाशीं आहे आणि तेथें गाळ फार. उधाणाच्या ओहोटींत पाणी इतकें सरतें कीं लाँच धक्क्याला लावतांना अडचण पडते, आणि धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळानें बुळबुळीत होऊन उघड्या पडतात. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला त्या पायऱ्या चढविणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून आत्याबाईंनीं अष्टमी निवडली. महिना माघाचा : पावसाळ्याची खळबळ केव्हांच ओसरलेली, आणि उन्हाळ्यांत दुपारीं जो वारा उठतो तो अजून तितका जोर धरूं लागलेला नाहीं. शिवाय सकाळची लाँच. समुद्र सकाळीं निवांत असतो असें किनाऱ्यावरचे लोक सांगतात, व तें मला पटलें. घरांतल्या वडील माणसांचेंहि तसेंच असतें.

येथें मामंजी आडवे आले. प्रयाणाला अष्टमी वर्ज्य. षष्ठी, अष्टमी, द्वादशी, रिक्ता तिथि या प्रवासाला घेऊं नयेत, असें पंचांगांत स्पष्ट दिलेलें आहे. त्यांनीं पान उघडून दाखविलें. आत्याबाई म्हणाल्या, “अमावास्येच्या तोंडावर निघालेल्यांना कोणी अडवलं होतं का रे?”

हें वाक्य त्यांच्या तोंडून निसटलें असावें. मामंजींनीं पंचांग मिटलें व ते आपल्या खोलींत गेले. दोन दिवस भाऊबहिणी बोलत नव्हत्या. एकच चूल असलेल्या घरांत दोन माणसें बोलत नाहींत म्हणजे सगळींच जपून बोलतात. मी तर भांडींसुद्धां हळू ठेवीत होतें.

तिसऱ्या दिवशीं मामंजींनींच वाट काढली. पूर्वी मुहूर्ताचा दिवस व सोयीचा दिवस जुळला नाहीं तर प्रस्थान ठेवीत : मुहूर्तावर वस्त्र, तांदूळ, सुपारी यांचें गाठोडें शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवावयाचें, म्हणजे निघणें झालें, मग माणूस आपल्या सवडीनें निघाला तरी चालतें. मामंजी म्हणाले, “सप्तमीला पुण्याहून निघा. ती रथसप्तमी आहे, दिवस उत्तम. दादरला मुक्काम करा. अष्टमीचं तें निघणं नव्हे, पुढचा टप्पा.” म्हणजे हें प्रस्थानच, फक्त गाठोड्याच्या जागीं आम्ही सात जणें! पूर्वीच्या लोकांच्या शास्त्राला मी पुष्कळदां नांवें ठेवलीं आहेत, पण माणसांना एकमेकांशीं पुन्हां बोलतें करण्याच्या इतक्या पळवाटा त्यांत आहेत हें कबूल केलें पाहिजे.

माघ शुद्ध अष्टमी ही भीष्माष्टमी. भीष्माचार्यांस पुत्र नव्हता, म्हणून त्यांना पाणी देण्याचा अधिकार सर्वांस आहे. ज्याचा बाप हयात आहे त्यानेंहि त्या दिवशीं भीष्मतर्पण करावें असें सांगतात. मामंजी दरवर्षीं करतात. आत्याबाईंनीं त्यांना विचारलें, “सर्वांस म्हणजे आम्हांसहि का?” मामंजी वर न पाहतां म्हणाले, “बायका तर्पण करीत नाहींत.” आत्याबाईंनीं वाद घातला नाहीं. मला मात्र तेव्हां कळलें कीं, दिवस निवडतांना त्यांनीं फक्त पाउणकी म्हटलेली नव्हती.

आतां खऱ्या तयारीचें सांगतें. पहिल्यानें बोटीनें जाणाऱ्या माणसाला सर्वांत मोठें भय असतें तें बुडण्याचें नव्हे, तर बोट लागण्याचें. आमचे धाकटे भावोजी डॉक्टर आहेत. त्यांनीं सांगितलें कीं, डोळ्यांना समोरचें बाक स्थिर दिसतें आणि कानांतल्या तोलाच्या इंद्रियाला हालचाल जाणवते. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं म्हणून मळमळतें. तेव्हां उपाय हा कीं दूरच्या किनाऱ्याकडे, क्षितिजाकडे पाहावें, म्हणजे डोळेहि हालचालीची साक्ष देतात. वाचूं नये, मोबाइलमध्यें डोकें घालूं नये, यंत्राच्या धुराजवळ बसूं नये. जागा लाँचच्या मध्यावर, शक्य तितकी खालीं घ्यावी. टोंकाला हेलकावा जास्त. या रोगावर गोळ्या मिळतात, त्या निघण्यापूर्वीं सुमारें तासभर घ्यावयाच्या असतात. परंतु म्हाताऱ्या माणसांना त्यांनीं फार सुस्ती येते, तोंड कोरडें पडतें. म्हणून भावोजींनीं पौषांतल्या एका दुपारीं आत्याबाईंना घरींच अर्धी गोळी देऊन पाहिली. त्या तीन तास झोंपल्या व उठल्यावर चहा कीं दूध हें त्यांना ठरवितां येईना. गोळीचा बेत रद्द झाला. लाँचमध्यें उतरतांना पाय लटपटण्यापेक्षां थोडी मळमळ परवडली. ही परीक्षा घरीं घेतली हें फार बरें झालें.

दुसरा प्रश्न फराळाचा. प्रवास म्हटला कीं आमच्या घरांत तळणाची कढई चढते. मी चिवडा, शंकरपाळे, तिखट पुऱ्या अशी यादी केली होती. भावोजींनीं ती एका रेघेनें खोडली. पोट उपाशी नको व तुडुंबहि नको. निघण्यापूर्वीं दोन तास हलकें कांहीं खावें, तेलकट मुळींच नको. शेवटीं ठरलें तें असें : सकाळीं मऊ भात व मेतकूट, बरोबर साळीच्या लाह्या, दशम्या, आलेपाकाच्या वड्या, आवळासुपारी व चार लिंबें. आल्यानें मळमळ थांबते हें आपल्या आज्यांना माहीत होतेंच. डॉक्टरहि आतां तेंच सांगतात, तेव्हां आलेपाकाला माझ्या हातून यंदा जरा जास्तच मान मिळाला. याशिवाय आत्याबाईंनीं तिळाचे लाडू मागितले. किती, तर पन्नास! “एवढे कोणाला?” असें मीं विचारलें, तेव्हां “धक्क्यावर वाटायला” एवढेंच त्या म्हणाल्या.

तिसरें वस्त्रांचें. जाऊबाईंचें मत सलवार-कमीज. त्याला आत्याबाईंची ना नव्हती, पण जन्मांत कधीं न घातलेली वस्तु त्या दिवशींच कशाला, असें त्यांना वाटलें. त्यांनीं आईचें जुनें नऊवारी काढविलें. विचार केला तर तेंच योग्य : काष्टा घट्ट, पाय मोकळे, पायऱ्यांवर पायांत घोळ येत नाहीं. कोळणी इतकीं वर्षें होडींत काय उगाच काष्टा घालून चढतात? पण पांचवारीची सवय झाल्यामुळें नेसणें विसरलेल्या. मग नऊ वर्षांच्या छकुलीनें मोबाइलवर नेसण्याचा चलच्चित्रपट लावून दिला आणि पणजीचें लुगडें आत्येआजीला नेसविलें. पादत्राण पट्ट्याचें, रबरी तळाचें. अंगावर शाल नको, वाऱ्यानें उडते. त्याऐवजीं लोकरीचा अंगासरशी बंडी-सदरा, कारण जीवरक्षक जाकीट त्यावर घट्ट बसलें पाहिजे. हें जाकीट नुसतें अंगावर टाकून भागत नाहीं. बंद आवळून बांधावे लागतात, नाहींतर पाण्यांत तें वर सरकतें व माणूस खालीं राहतो. लहान मुलांचीं जाकिटें निराळीं असतात; तीं लाँचवर असतीलच असें नाहीं म्हणून छकुलीसाठीं भावोजींनीं तें विकतच आणलें, व ती तें घालून दोन दिवस शाळेचा अभ्यास करीत होती.

आणि चढण्याची तालीम! धक्का स्थिर, लाँच हलती; म्हातारें माणूस पडतें तें या दोहोंच्या मधल्या पावलाला. लाट लाँचला वर उचलते त्या क्षणीं पाऊल टाकावें, खालीं जात असतां टाकूं नये. आणि हात दोरीला न धरतां माणसाला धरावा. आम्हीं माजघरांत दोन गाद्यांवर एक फळी टाकली, चिरंजीव एका बाजूनें ती हलवीत, आणि आत्याबाई पाटावरून फळीवर पाऊल टाकीत. पहिल्या दिवशीं सगळीं हंसत होतीं. चौथ्या दिवशीं त्यांनीं न धरतां पाऊल टाकलें तेव्हां कोणी हंसलें नाहीं. दारांत मामंजी उभे होते. केव्हां येऊन उभे राहिले कळलें नाहीं, आणि लगेच गेले.

एक नियम आत्याबाईंनीं स्वतः घातला. “लाँच सुटल्यावर मी सांगितल्याशिवाय कोणीहि जागा सोडायची नाहीं. काय वाटेल तें दिसलं तरी नाहीं.” छकुलीकडून त्यांनीं तें तीनदां म्हणवून घेतलें.

मामंजींनीं यावयाचें नाकारलें. गुडघ्यांचें निमित्त सांगितलें. निघतांना त्यांनीं आत्याबाईंच्या हातावर दहीं घातलें व पिशवी स्वतः खालीं मोटारीपर्यंत नेली.

रथसप्तमीची रात्र दादरला काढून अष्टमीस सकाळीं आम्ही भाऊच्या धक्क्यावर पोंचलों. एकोणिसाव्या शतकांत लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनीं उतारूंच्या सोयीसाठीं धक्का बांधला. त्यांचें नांव अजून चालत आहे. मासळीच्या वासाची मनाची तयारी करून ठेवली होती तरी जाऊबाईंनीं नाकाला पदर लावलाच. टोपल्या, बर्फाचे ठोकळे, सायकली, कोंबड्यांची खुराडीं, गांवीं निघालेलीं माणसें : लाँचमधून गृहस्थाचा सारा संसार जातो. आत्याबाई पायऱ्यांच्या तोंडाशीं येऊन थांबल्या. खालीं लाँच हलत होती. ह्यांनीं हात पुढें केला. त्या कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मागून लोक ‘चला, चला’ करूं लागले. मला वाटलें, आतां परत फिरणार, आणि फिरल्या असत्या तर कोणी एक शब्द बोललें नसतें. मग त्या पुटपुटल्या, “वर येऊं दे... वर... हं,” आणि पाऊल टाकलें.

मधलें बाक मिळालें. लाँच सुटली आणि गोद्यांच्या भिंती, आरमाराच्या करड्या नौका मागें सरूं लागल्या. उजवीकडे मुंबईच्या इमारती धुक्यांतून वर निघत होत्या. डावीकडे तेलाच्या टाक्यांचें जवाहर द्वीप व त्याच्या पलीकडे घारापुरीचा डोंगर. पाणी गढूळ हिरवें, पण शांत, नुसतें वरचेवर उचलून खालीं ठेवणारें. अर्ध्या वाटेंत जाऊबाईंना बोट लागली. लिंबू, आलेपाक, क्षितिज, कशाचाहि उपयोग झाला नाहीं, व त्यांनीं डोळे मिटून भावोजींच्या वैद्यकाला मनसोक्त बोल लावले. आत्याबाईंना कांहीं झालें नाहीं. त्या ताठ बसून समोर पाहत होत्या.

ह्यांनीं तांडेलाला हळूच काशाच्या खडकाविषयीं विचारलें. तो आमच्या वाटेवर नव्हता. तांडेलानें हात लांब करून समुद्राच्या उघड्या अंगाची दिशा दाखविली. तेथें कांहीं दिसत नव्हतें. पाणी चकाकत होतें इतकेंच.

त्याच सुमारास एक प्रचंड मालवाहू जहाज आमच्या उजव्या हातानें जवळून गेलें. पेटाऱ्यांचे मजलेच्या मजले रचलेले. तरुण मंडळी मोबाइल काढून भराभर त्या बाजूस धांवलीं, त्यांच्या मागें मुलें, आणि लाँच किंचित् तिकडे कलली. किंचित्च, नेहमींच्या उतारूंनीं मानहि वळविली नाहीं. पण आत्याबाई उभ्या राहिल्या, आणि चाळीस मुलींच्या वर्गाला पुरणाऱ्या आवाजांत ओरडल्या, “जागेवर बसा! सगळे जागेवर बसा!”

तीं मुलें दचकून बसलीं. टोपलीवाली कोळीण बसली. तांडेलाचा पोऱ्यासुद्धां बसला. जहाजाच्या लाटा येऊन लाँच दोनतीनदां हेलकावली आणि पुन्हां चालूं लागली. कोणीतरी हंसलें. आत्याबाई खालीं बसल्या; त्यांचा हात माझ्या हातांत होता व तो थरथरत होता. थोड्या वेळानें शेजारची म्हातारी कोळीण त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाली, “रामदासवर कोन व्हतं का वं बाय तुमचं?”

“वडील,” आत्याबाई म्हणाल्या.

म्हातारीनें आणखी कांहीं विचारलें नाहीं. आपली टोपली जरा बाजूला सरकवून ती आत्याबाईंना लागून बसली, ती रेवसपर्यंत.

कनकेश्वराचा डोंगर स्पष्ट होत गेला, करंजाचा किनारा डावीकडे आला, आणि आम्ही रेवसला लागलों. पायऱ्या कोरड्या होत्या. भांगाच्या भरतीचा हिशेब खरा ठरला. आत्याबाईंनीं पहिल्यानें लाडवांचा डबा उघडला. तांडेलाला, पोऱ्याला, म्हाताऱ्या कोळणीला, जाळें विणीत बसलेल्या माणसांना, दिसेल त्याच्या हातावर एकेक लाडू. रथसप्तमी काल झाली, तिळगुळाचा मोसम संपला, असें छकुलीनें बजावून सांगितलें. त्यांनीं लक्ष दिलें नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं त्या दिवशीं होड्या वळविल्या, त्यांच्यांतले नेमके कोण हें विचारीत बसण्यापेक्षां सर्वांना देणें त्यांना बरें वाटलें असावें.

मग त्या ह्यांचा हात धरून पाण्यापर्यंत उतरल्या. पिशवींतून तांब्या काढावयास मला सांगितलें. तांब्यांत कागदाची एक पुडी होती. मीं ठेवलेली नव्हती, जाऊबाईंनींहि नव्हे. उघडून पाहिली तों काळे तीळ व दर्भाच्या दोन काड्या. पुडीचा कागद म्हणजे गेल्या सालच्या पंचांगाचें पान. आत्याबाईंनीं तें ओळखलें. त्यांनीं पदरानें डोळे पुसले नाहींत, कांहीं नाहीं. ओंजळींत तीळ घेतले व तीनदां पाणी सोडलें. मंत्र म्हटले नाहींत. ओंठ हलत होते, पण काय म्हणत होत्या तें मला ऐकूं आलें नाहीं, व पुढेंहि मीं विचारलें नाहीं.

धक्क्याच्या सांवलींत दशम्या खाल्ल्यावर त्यांनीं पुण्याला फोन लावविला. मामंजींनीं पहिल्या घंटेलाच उचलला. बराच वेळ दोन्हीकडून शांतता होती.

“पोंचलों रे,” आत्याबाई म्हणाल्या.

“बरं. परत कधीं निघतां?”

“साडेचारला. भरती सहाला आहे.”

“मग उशीर करूं नका,” मामंजी म्हणाले; आणि पुन्हां थोडें थांबून, “अक्का, येतांनाहि मधल्याच बाकावर बस.”